गणकयंत्रातील द्रव : साक्ष आणि तिची पारख

काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक लहानसा खडा सोडला, म्हणजे तो तळाशी जाता जाता जांभळ्या रंगाचे धागे मागे ठेवतो आणि काही वेळात सगळे पाणी रंगून जाते. पदार्थाचे कण अखंड हालचाल करीत असतात व म्हणूनच ते एकमेकांत मिसळतात, ह्या सिद्धांताचा पुरावा म्हणून हा प्रयोग देशातील असंख्य शाळांतून दाखविला जातो. अलीकडे ह्या पेल्याच्या जोडीला गणकयंत्राचा पडदा आला आहे. पडद्यावर रंगीत ठिपके धावतात, एकमेकांवर आदळतात, दूर पांगतात. रेणू असे हिंडतात, असे शिक्षक सांगतात. विद्यार्थी पाहतात आणि विश्वास ठेवतात.

हे ठिपके कोणत्या नियमाने धावतात, ते नियम कोणी ठरविले आणि खऱ्या द्रवाशी त्यांचा मेळ कोणी घालून पाहिला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हा प्रश्न आता केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. पावसाचा अंदाज, पुराच्या पाण्याची संभाव्य पातळी, नव्या औषधाची प्राथमिक निवड अशा अनेक ठिकाणी गणकयंत्रात उभारलेल्या प्रतिसृष्टीची साक्ष काढली जाते आणि त्या साक्षीवरून माणसांच्या जीविताचे निर्णय होतात. ही साक्ष केव्हा मानावी आणि किती मानावी, हे सुशिक्षित नागरिकाला कळले पाहिजे. ते शिकण्यास एखाद्या साध्या द्रवात अणू कसे पसरतात ह्या प्रश्नाइतके सोयीचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. कारण येथे नियम थोडे आहेत, मोजमाप करता येते आणि ह्या विद्येचा इतिहासही स्पष्ट आहे.

भटकंतीचे माप

एक पदार्थ दुसऱ्यात आपोआप पसरत जाणे ह्याला विसरण म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ फिक ह्याने १८५५ साली त्याचा नियम मांडला. जेथे पदार्थ दाट आहे तेथून तो विरळ भागाकडे वाहतो आणि दाटपणातील उतार जितका तीव्र, तितका हा ओघ मोठा असतो. ओघ व उतार ह्यांचे परस्परप्रमाण दाखविणाऱ्या संख्येला विसरण गुणांक म्हणतात. हा नियम अणूंबद्दल काहीच बोलत नाही. अणूंच्या भटकंतीशी त्याचा संबंध १९०५ साली आइन्स्टाइनने जोडला. दिशाहीन भटकणारा कण मूळ जागेपासून किती दूर गेला, त्या अंतराचा वर्ग घेऊन पुष्कळ कणांची सरासरी काढली, तर ती सरासरी काळाच्या प्रमाणात वाढते आणि तिच्या वाढीवरून विसरण गुणांक मिळतो. १९०८ पासून फ्रान्समध्ये झां पेरँ ह्याने सूक्ष्मदर्शकाखाली तरंगत्या कणांची वाटचाल मोजून हा नियम पडताळून पाहिला. अणूंच्या अस्तित्वाविषयीचा संशय त्यामुळे बव्हंशी मावळला.

परंतु पेरँने पाहिलेले कण अणूंहून फार मोठे होते. द्रवातील प्रत्यक्ष अणू कसा चालतो, हे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला दिसले नव्हते. द्रवरूप आरगॉनचे उदाहरण घ्यावे. हवेत सुमारे ०.९ टक्के असलेला हा वायू फार थंड केल्यावर द्रव होतो. शून्याखाली सुमारे १७९ अंश सेल्सिअस तापमानाला त्यातील अणू सेकंदाला सरासरी २४० मीटर ह्या प्रमाणातील वेगाने हालत असतो. इतक्या वेगाने सरळ चालला, तर तो एका सेकंदात मोठे मैदान ओलांडील. प्रत्यक्षात एका सेकंदानंतर तो मूळ जागेपासून जेमतेम मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका दूर गेलेला असतो, आणि संपूर्ण दिवसानंतर सुमारे साडेतीन सेंटीमीटर. एवढा वेग आणि एवढी अल्प प्रगती ह्यांच्यामध्ये जे घडते, तेच द्रवाचे रहस्य होय.

वायूचा सिद्धांत सोपा आहे, कारण त्यात अणू बराच काळ एकटा असतो. स्फटिकाचा सिद्धांतही सोपा आहे, कारण त्यात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते. द्रवातील अणू कधीच एकटा नसतो आणि त्याला ठरलेली जागाही नसते. म्हणून कागद-लेखणीचे गणित येथे अडून बसले. काहींनी द्रवाला दाट वायू मानले, काहींनी मोडकळीस आलेला स्फटिक मानले. कोणते चित्र खरे, हे ठरविण्यास अणूंना एकेक करून विचारण्यावाचून गत्यंतर नव्हते.

८६४ अणूंचा द्रव

हे काम अनीसुर रहमान ह्यांनी केले. हैदराबाद येथे १९२७ साली जन्मलेले हे भौतिकीविद त्या काळी अमेरिकेतील शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करीत होते. प्रयोगशाळेच्या नावाचा आरगॉन वायूशी संबंध नाही. हा योगायोग होय. तेथील कंट्रोल डेटा ३६०० ह्या गणकयंत्रात त्यांनी ८६४ अणूंचा एक द्रव उभारला आणि त्याचा वृत्तांत १९६४ साली प्रसिद्ध केला.

त्यांची रीत अशी होती. एका काल्पनिक घनाकार पेटीत ८६४ अणू कल्पावयाचे. पेटीची बाजू सुमारे ३५ अँगस्ट्रॉम, म्हणजे दहा अणू शेजारी शेजारी ठेवल्यास जेवढी लांबी होईल तेवढी. दोन अणू फार जवळ आले की एकमेकांना जोराने ढकलतात आणि थोडे दूर असले की सौम्यपणे ओढतात. हे बल लेनर्ड-जोन्स ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे आहे असे मानावयाचे. ८६४ अणूंच्या ३,७२,८१६ जोड्या होतात. त्यांपैकी जवळच्या जोड्यांचे बल काढावयाचे. मग न्यूटनच्या नियमाने सेकंदाच्या कोटी-कोटीव्या भागानंतर प्रत्येक अणू कोठे असेल ते काढावयाचे आणि नव्या स्थितीपासून पुन्हा तोच हिशेब. अशी हजार पावले टाकली तरी द्रवाच्या आयुष्यातील जो काळ सरतो, त्यात अणू आपल्या स्वतःच्या जाडीएवढा सरकतो, अधिक नव्हे.

एवढ्या लहान पेटीत बहुतेक अणू भिंतीजवळच येणार, ही अडचण होती. तिच्यावरील उपाय असा की, पेटीला भिंतीच ठेवावयाच्या नाहीत. तीच पेटी सर्व दिशांना पुनःपुन्हा मांडलेली आहे असे समजावयाचे. उजवीकडून बाहेर पडलेला अणू त्याच क्षणी डावीकडून आत येतो. त्यामुळे कोणताही अणू कडेचा राहत नाही.

तापमान निरपेक्ष मापाने ९४.४ अंश आणि घनता दर घन सेंटीमीटरला १.३७४ ग्रॅम धरून हा हिशेब केला असता अणूंची परस्परांभोवतीची रचना प्रयोगात आढळलेल्या रचनेशी चांगली जुळली. विसरण गुणांकही जुळला; पण पूर्णपणे नव्हे. तो प्रयोगाच्या मूल्याहून १५ टक्के कमी आला. रहमान ह्यांनी ही तफावत लपविली नाही किंवा एखाद्या तळटीपेत ढकलली नाही. निबंधाच्या आरंभीच्या सारांशातच, परिणाम चांगला जुळतो असे सांगून लगेच ती नोंदविली. ह्या नोंदीचे महत्त्व पुढे दिसेल.

यंत्राने काय शिकविले

गणकयंत्राविषयी साशंक असणारे म्हणतात की, आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? यंत्रात नियम माणसानेच घातले. मग यंत्र माणसाला नवे काय सांगणार? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, परंतु इतिहास त्याच्या बाजूने नाही.

रहमान ह्यांनी प्रत्येक अणूचा आरंभीचा वेग त्याला किती काळ आठवतो, हे तपासले. जुन्या साध्या सिद्धांताप्रमाणे ही स्मृती हळूहळू पुसत जाऊन शून्याशी मिळावयास हवी होती. गणनेत मात्र सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागाहूनही कमी काळात ती शून्याखाली गेली. ह्याचा अर्थ असा की, पुढे निघालेला अणू सरासरीने उलट दिशेला वळतो. शेजाऱ्यांनी केलेल्या पिंजऱ्यावर तो आदळतो व मागे फिरतो. परंतु शेजारीही हालत असल्यामुळे पिंजरा टिकत नाही आणि अणू हळूहळू त्यांच्यासह वाहून जातो. म्हणजे द्रव हा दाट वायूही नव्हे आणि मोडका स्फटिकही नव्हे. पिंजऱ्याची ही गोष्ट बलाच्या सूत्रात कोठेही लिहिलेली नव्हती.

दुसरे उदाहरण ह्याहून विस्मयकारक आहे. अमेरिकेतील लिव्हरमोर येथे बर्नी ऑल्डर व थॉमस वेनराइट ह्यांनी गणकयंत्रात केवळ टणक गोळ्यांचा द्रव उभारला होता. हे गोळे एकमेकांना ओढीत नाहीत, फक्त आदळतात. असे गोळे पुरेसे दाट केल्यास आपोआप स्फटिकासारखे रचले जातात, हे त्यांनी १९५७ साली दाखविले. अनेक विद्वानांना ते प्रथम पटले नाही. पुढे १९७० साली त्यांनी वेगाच्या स्मृतीचा दीर्घकाळपर्यंत माग काढला. सिद्धांताच्या मते असंख्य टकरांनंतर ती झपाट्याने नाहीशी व्हावयास हवी होती. ती फार मंदपणे, काळाच्या दीडाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, कमी होत असल्याचे दिसले. कारणही उमगले. पुढे जाणारा कण समोरच्या द्रवाला बाजूला सारतो. तो द्रव भोवऱ्यासारखा वळून मागे येतो आणि त्याच कणाला पाठीमागून ढकलतो. नदीच्या पाण्यात वल्ह्यामागे उठणारा भोवरा सर्वांच्या परिचयाचा आहे. पण केवळ काही अणूंच्या पसाऱ्यातही असाच भोवरा असेल, हे यंत्राने दाखविण्यापूर्वी ध्यानात आले नव्हते. ह्यानंतर सिद्धांतालाच दुरुस्ती करावी लागली.

तेव्हा आडातील पाणी माणसाचेच असले, तरी आडाची खोली माणसाला ठाऊक असते असे नाही. नियम माहीत असणे आणि त्या नियमांचे सर्व परिणाम माहीत असणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी होत.

पेटीने काय लपविले

ह्याच्या उलट टोकाला यंत्राचे अतिउत्साही पुरस्कर्ते आहेत. आता गणकयंत्रे इतकी बलवान झाली आहेत की खर्चिक प्रयोगशाळांची गरजच उरणार नाही, असे त्यांना वाटते. रहमान ह्यांचा हिशेब आज घरगुती गणकयंत्रावर काही मिनिटांत होतो आणि मोठ्या यंत्रांत अब्जावधी अणूंची प्रतिसृष्टी उभारता येते, हे खरे आहे. तथापि यंत्राचे बळ आणि साक्षीचा खरेपणा ह्या भिन्न गोष्टी आहेत.

८६४ अणूंवरून संपूर्ण द्रवाविषयी बोलणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे होय. भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच ती परीक्षा चालते. पेटी पुनःपुन्हा मांडण्याच्या युक्तीने कडेचे अणू नाहीसे झाले, पण दुसराच एक दोष शिरला. एक अणू हालला की शेजारच्या सर्व पेट्यांतील त्याच्या प्रतिमाही त्याच क्षणी, त्याच दिशेला हालतात. त्यांनी ढवळलेल्या प्रवाहांचा एकत्रित परिणाम होऊन मूळ अणूची भटकंती काहीशी रोखली जाते. म्हणून लहान पेटीत काढलेला विसरण गुणांक खऱ्याहून कमी येतो. किती कमी येतो, ह्याचे सूत्र १९९३ साली ड्युनवेग व क्रेमर ह्यांनी आणि २००४ साली ये व हुमर ह्यांनी स्पष्ट केले. पेटीची बाजू दुप्पट केली की ही तूट निम्मी होते.

ह्या सूत्राने रहमान ह्यांच्या पेटीचा स्थूल हिशेब केला, तर पेटीच्या लहानपणामुळे पडणारी तूट सुमारे एक-दशांश येते. त्यांनी नोंदविलेली १५ टक्क्यांची तफावत त्याच दिशेची आणि त्याच मापाची आहे. ती सगळी पेटीमुळेच आली असे म्हणता येणार नाही. बलाचे सूत्र हेही केवळ एक सोयीचे रूप आहे. तीन अणू एकत्र आले असता त्यांच्यात जे जास्तीचे बल निर्माण होते, ते त्यात धरलेले नाही. शिवाय त्यातील अंक प्रयोगांवरूनच ठरविलेले आहेत. परंतु महत्त्वाचा मुद्दा असा की, तफावत प्रामाणिकपणे छापली गेली होती म्हणूनच कित्येक वर्षांनंतर ती नव्या ज्ञानाच्या कसोटीला लावता येते. बलाचे अंक किंचित बदलून उत्तर प्रयोगाशी तंतोतंत जुळविणे अशक्य नव्हते. तसे झाले असते, तर आकडा सुंदर दिसला असता आणि चूक मात्र कायमची पुरली गेली असती.

पारख कशी करावी

ह्यावरून गणकयंत्रातील प्रतिरूपणाची योग्य जागा ठरविता येते. ते निव्वळ सिद्धांत नव्हे, कारण ते अनपेक्षित गोष्टी दाखविते. ते प्रयोगही नव्हे, कारण निसर्गाला त्यात प्रश्न विचारलेला नसतो. माणसाने मानलेल्या निसर्गाला विचारलेला असतो. न्यायालयात साक्षीदाराचे जे स्थान, ते त्याचे आहे. साक्षीदाराचे म्हणणे आदराने ऐकावे. पण तो कोठे उभा होता आणि त्याला काय दिसू शकत नव्हते, हे विचारल्यावाचून निकाल देऊ नये.

ह्यावर एक सबळ आक्षेप घेतला जाईल. पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडात अणू किती वेगाने पसरतात, हे तेथे जाऊन कोण मोजणार? अशा ठिकाणी प्रतिरूपण हाच जवळजवळ एकमेव साक्षीदार असतो. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच त्या साक्षीदाराची परीक्षा अधिक कडक हवी. जी रीत गाभ्यात वापरावयाची, ती आधी जेथे मोजमाप शक्य आहे अशा ठिकाणी पडताळावी. आरगॉनसारख्या साध्या द्रवावर केलेल्या कामाचे मोल ह्यातच आहे. आज बलांची सूत्रे यंत्राकडूनच शिकवून घेण्याची नवी रीत रूढ होत आहे. त्या सूत्रांचा अर्थ डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून तेथे ही पडताळणी अधिकच अगत्याची ठरते.

शाळांत व ग्रंथालयांत दाखविल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतिरूपणाखाली म्हणूनच काही मजकूर असलाच पाहिजे. कण किती आहेत, त्यांच्यातील बल कोणते मानले, पेटी केवढी, काळाचे पाऊल केवढे, आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिल्यावर तफावत किती आली, एवढे तरी त्यात सांगितलेले असावे. ज्या चित्राखाली हे लिहिता येत नाही ते शोभेचे चित्र समजावे. त्याला पुरावा म्हणू नये. हा नियम पाळण्यास पैसा लागत नाही.

नाणे आणि पेला

विद्यार्थ्यांना पडदा दाखविण्यापूर्वी त्यांच्या हाती एक नाणे द्यावे. छापा पडला तर एक पाऊल उजवीकडे, काटा पडला तर डावीकडे. प्रत्येकाने नाणे शंभर वेळा उडवावे आणि आरंभापासून आपण किती पावले दूर आलो ते लिहावे. एकट्याच्या उत्तरात काहीच नियम दिसणार नाही. परंतु सबंध वर्गाच्या अंतरांचे वर्ग करून सरासरी काढली, तर ती शंभराच्या आसपास येईल; म्हणजे शंभर पावले चालून अंतर साधारण दहा पावलांचे. आइन्स्टाइनचा नियम विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळला असे होईल. त्यानंतर शिक्षकांनी विचारावे की, नाण्याला मागची फेक आठवत नाही, पण आरगॉनच्या अणूला आपला वेग काही काळ आठवतो; मग आपला खेळ द्रवाहून कोठे निराळा पडला? एवढा प्रश्न ज्याला समजला, त्याला प्रतिरूपण म्हणजे काय हे समजले.

शेवटी तो जांभळा पेला. पाण्यात विरघळलेले कण केवळ विसरणाने पसरू लागले, तर एका दिशेला दिवसभरात सुमारे दीड सेंटीमीटरच सरकतात. मग काही मिनिटांत पेला कसा रंगतो? ते बहुतांशी पाण्यातील प्रवाहांचे काम असते: खडा पडताना झालेली हालचाल, दाट रंगद्रवाचे खाली बसणे, तापमानातील लहानसे फरक. विसरण पाहावयाचे असेल, तर अगर विरघळवून गोठविलेल्या थरावर तो खडा ठेवावा, पट्टी लावून रोज रंगाची सीमा मोजावी आणि आकडे वहीत लिहावे. कित्येक वर्षे डोळ्यांसमोर होत असलेला प्रयोगही जे सिद्ध करतो असे मानले जाते, ते नेहमीच सिद्ध करीत नाही.

पेल्याला जो प्रश्न विचारावयाचा, तोच पडद्यालाही विचारावा. ८६४ अणूंच्या त्या लहानशा द्रवाने पुढील पिढ्यांना दिलेली शिकवण उत्तराच्या जुळण्यात जेवढी आहे, तेवढीच न जुळलेल्या १५ टक्क्यांत आहे. ते १५ टक्के लिहून ठेवण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला लागेल, त्याच्या हाती गणकयंत्र निर्धास्तपणे द्यावे.